जुन्या पेठेचा आठ इंची रस्ता

सिमेंटचा रस्ता करताना ठेकेदार जाडी मारतो, हे आमच्या गावात पोरासोरांनाही ठाऊक आहे. कागदावर सहा इंच असले तर जमिनीवर चार पडतात, आणि उरलेले दोन कुठे गेले याची चर्चा पुढची पाच वर्षं हॉटेलात चहासोबत चालते. म्हणून नगरसेवक झाल्यावर जुन्या पेठेचा रस्ता मंजूर करून आणला तेव्हा मी मनाशी एकच गोष्ट ठरवली होती. या रस्त्याची जाडी कुणाला मारू द्यायची नाही.

आमचं गाव उमरग्याकडचं, मुरुमपासून फार लांब नाही. कर्नाटकाची हद्द जवळ, त्यामुळे बाजारात निम्मी घासाघीस कानडीत होते आणि वयाने मोठ्या बाईला आम्ही अक्का म्हणतो. जुनी पेठ म्हणजे चौकापासून वेशीपर्यंतची एक गल्ली. कापड, भांडी, औषधं, बांगड्या, लग्नाचा सगळा बस्ता पूर्वी इथेच व्हायचा. मग बायपास झाला आणि दुकानं एकेक करून तिकडे सरकली. मी निवडणुकीला उभा राहिलो तोवर पेठेत उघडी शटर बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. त्यांतली माझ्या हकिकतीत येणारी दोनच. एक सायकल दुरुस्तीवाल्या चाचांचं दुकान आणि त्याच्यासमोर अक्कांची पिठाची गिरणी.

पेठ धुगधुगत होती ती या गिरणीमुळे. बाया दोन-तीन दिवसांआड ज्वारीचे डबे घेऊन यायच्या. दळण होईपर्यंत कुणी समोर सायकलीत हवा भरून घ्यायची, कुणी पुढे जाऊन बांगड्या बघायची, कुणी नुसतीच बसून सुनेबद्दल बोलायची. अक्का साठीच्या पुढच्या. नवरा गेल्यापासून गिरणी त्या एकट्याच चालवतात. भुवयांवर कायम पीठ असतं, त्यामुळे त्यांचा राग पटकन दिसत नाही.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. वडील आडतीवर हमाली करायचे, आई रोजाने शेतात जायची. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. तालुक्याच्या कॉलेजात बी.ए. केलं, गावात झेरॉक्सचं दुकान टाकलं, लोकांचे अर्ज भरून देता देता लोकांनी मलाच उभं केलं. मी जो काही आहे तो गावच्या शाळेमुळे आहे, हे मी भाषणातही सांगतो आणि खरंही मानतो. गणिताचे आमचे गुरुजी विशेष. त्यांच्याकडे एक लाकडी पट्टी होती, तिचं सुरुवातीचं टोक झिजून शून्याची रेघ पुसून गेलेली. वर्गात कुणी मोजमाप सांगितलं की ते आधी विचारायचे, "शून्य कुठं धरलंस?" आम्हाला तो त्यांचा चाळा वाटायचा.

तर रस्त्याचं काम सुरू झालं. पहिला टप्पा चौकापासून गिरणीच्या थोडं पुढेपर्यंतचा. नारळ मी फोडला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी कामावर हजर, शर्टाच्या खिशात पोलादी पट्टी. माझं बघून गल्लीतले लोकही पट्ट्या घेऊन आले. चाचांनी तर सायकलच्या तुटक्या आरीवर खूण करून मोजायचं साधनच बनवलं.

ठेकेदार मोठा गोड माणूस. त्याने आमची फौज बघितली आणि मला बाजूला घेतलं. म्हणाला, जुना रस्ता खरवडून काढायचं म्हणजे महिनाभर धूळ, लोकांचे हाल. ते राहू द्या. जुन्यावरच खडी दाबू आणि त्याच्या बदल्यात काँक्रीट सहाऐवजी आठ इंच टाकू.

माझा क्षणभर कानांवर विश्वासच बसेना. ठेकेदार स्वतःहून दोन इंच वाढवतोय, हे आमच्या गावाच्या इतिहासात घडलं नव्हतं. मी गल्लीला विचारलं. गल्लीने एका आवाजात हो म्हटलं. इंजिनिअरांनी थोडी कुरकुर केली, पण मेंबर आणि जनता दोघंही खूश असल्यावर ते तरी काय बोलणार. आठ इंच म्हणजे आठ इंच पडलं. आम्ही जागोजागी पट्टी लावून बघितलं. एका ठिकाणी तर साडेआठ भरलं. त्या दिवशी मी घरी जाऊन आईच्या पाया पडलो.

रस्ता पक्का झाल्यावर महिनाभर मी गावात छाती काढून फिरत होतो. मग एका बुधवारी नळाला पाणी सुटलं.

आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. त्यामुळे ते आलं की सण असतो. हौद भरतात, गोधड्या निघतात, मोटारसायकली धुतल्या जातात, आणि शेवटी पाइप दारात सोडून लोक अंगण धुतात. सांडलेलं सगळं पाणी पूर्वी रस्त्याच्या कडेने नालीत जायचं. त्या बुधवारी मला बोलावणं आलं. मी गिरणीपाशी गेलो तर बायांचा घोळका, आणि मध्ये अक्का, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, हातात खराटा.

"या मेंबर," त्या म्हणाल्या. "तुमचा रस्ता माझ्या घरला जेवायला आलाय."

गिरणीत पाणी शिरलं होतं. जमिनीवरच्या पिठाची कणीक झाली होती आणि ओळीने ठेवलेल्या डब्यांची बुडं त्या कणकेत रुतली होती. एरवी मला लेकरा म्हणणाऱ्या अक्कांनी मेंबर म्हटलं, वर अहो-जाहो केलं, तेव्हाच मला प्रकरणाची खोली कळली.

मी दारात उभा राहून नीट बघितलं. गिरणीचा उंबरा पूर्वी रस्त्यापेक्षा चार बोटं वर होता. आता रस्ता माझ्या नडगीइतका वर होता आणि उंबरा खाली. आत जायचं तर उतरावं लागत होतं. खरवडायचं टाळून जुन्यावर खडी, खडीवर आठ इंच. ठेकेदाराने खोदाईचं काम वाचवलं होतं, आणि आम्ही पट्ट्या घेऊन त्याला राखण दिली होती.

चाचा समोरून बघत होते. त्यांच्या दुकानाचीही तीच गत. ते त्यांच्या दखनीत म्हणाले, "रस्ता तो लई भारी बनाए मेंबर. बस, हमीच नीचे रै गए."

चाचांनी चार दिवसांत दारात सिमेंटचा उतार करून घेतला. सायकली उतारावरून खाली घसरत आपोआप दुकानात यायच्या, आणि ते म्हणायचे गिऱ्हाईक कमी झालं तरी वेग वाढलाय. पण गिरणीचं काम वेगळं. डोक्यावर ज्वारीचा डबा घेऊन म्हाताऱ्या बायांना ते उतरणं जमेना. बायपासला एक नवी गिरणी निघाली होती, दारापर्यंत स्कूटी जाते अशी. बाया तिकडे वळल्या. गिरणीतली डब्यांची रांग आखडत गेली, बांगड्यांचं दुकान दुपारी बंद राहायला लागलं, आणि मी पेठ सुधारायला निघालो त्या वर्षी पेठ आधीपेक्षा सुनी झाली.

एक गोष्ट सांगायला लाज वाटते, पण सांगतो. आमच्या घरचं दळणही बायपासला जायला लागलं होतं. बायकोच्या कमरेत उसण भरली होती, तिला उतरचढ नको वाटायची. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

दिवाळीनंतर अक्कांनी मला बोलावून सांगितलं, त्यांनी बायपासला एक गाळा बघितलाय. गुढीपाडव्याला मोटर आणि जातं तिकडे हलवणार. राग नव्हता, रडणं नव्हतं. शेतातलं पीक निघालं, आता रान मोकळं करायचं, असं सांगावं तसं त्यांनी सांगितलं. गिरणी गेली की पेठेत यायला कुणाला कारणच उरणार नव्हतं. पाडव्याला साधारण पाच महिने होते.

मी सभेत विषय मांडला की पेठेचा रस्ता खोदून खाली घ्यावा. सभागृहात हशा पिकला. रस्ता करा म्हणून भांडणारे मेंबर सगळ्यांनी बघितले होते, आपलाच नवा रस्ता खोदा म्हणणारा पहिलाच. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, नारळ फोडला तेव्हाच सांगायचं होतं, रस्ताच फोडला असता. मुख्याधिकारी साहेबांनी समजावून सांगितलं की चांगला रस्ता फोडता येत नाही. खराब असता तर काही करता आलं असतं. लेखापरीक्षणात विचारतील की यात दोष काय, तर लिहायचं काय? जास्त मजबूत आहे?

मी खाली मान घालून बाहेर पडलो. व्हरांड्यात नव्याने रुजू झालेल्या इंजिनिअर मॅडम भेटल्या. लातूरकडच्या, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, बोलायला रोखठोक. त्यांनी मला एक नकाशा दाखवला. पाणीपुरवठ्याची नवी पाइपलाइन मंजूर झाली होती आणि ती पेठेच्या रस्त्याखालून जाणार होती. म्हणजे रस्ता फोडला जाणारच होता. फक्त नंतर तो पुन्हा तेवढ्याच उंचीवर बुजवायचा की खाली घ्यायचा, एवढाच प्रश्न होता.

रस्ता झाल्यावर पाइपलाइन येते, यावर मी निवडणुकीत दारोदार लोकांच्या शिव्या ऐकल्या होत्या. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा मला त्या गोष्टीचा आनंद झाला.

अडचण एक राहिली. पूर्ण रुंदीचा रस्ता खाली घ्यायला जादा पैसा लागणार होता. तो कुठून काढायचा, तर पेठेच्या सुशोभीकरणाच्या कामातून. त्या कामात काही शोभेचे दिवे होते, बाकडी होती, आणि चौकात एक कमान होती. कमानीवर माझं नाव येणार होतं. आमच्या भागात कमानीवर नाव येणं म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळणार नाही. आईने तर त्या कमानीखालून एकदा जाऊन मगच डोळे मिटायचे असं ठरवलं होतं. मी तिला सांगितलं की कमान रद्द करावी लागतेय. ती म्हणाली, बरं झालं, अजून थोडी वर्षं जगायला मिळतील.

मॅडमनी कागद तयार केले, सभेने या वेळी न हसता मंजूर केलं. मग गल्ली अडली.

मी गिरणीतच बैठक घेतली, मॅडमही आल्या. लोक डब्यांवर, पोत्यांवर बसले. म्हणणं एकच होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. आमच्याकडे खोदलेला रस्ता खोदलेलाच राहतो. वेशीजवळचा एक खड्डा इतका जुना की त्याच्या नावाने पत्ता सांगतात. आज खाली उतरावं लागतंय, उद्या दारात चर असेल. चाचांचा उतार फुटणार होता, दोघांनी घरात भर घालून फरशी उंच केली होती, ती वाया जाणार होती. मी शब्द देत होतो, पण आठ इंचांच्या वेळीही मी शब्दच दिला होता, आणि तो तर तंतोतंत पाळला होता.

शेवटी कुणीतरी म्हणालं, अक्का हो म्हणत असतील तर आमचं काही नाही. सगळ्यात जास्त बुडालं त्यांचं आहे.

अक्का गिरणीच्या पट्ट्यावरचं पीठ झटकत होत्या. त्यांनी झटकणं थांबवलं नाही.

"म्या पाडव्याला चाललेच हाय," त्या म्हणाल्या. "मला काय विचारताव?"

मी म्हणालो, "अक्का, पाडव्याआधी गिरणीपर्यंतचं करून देतो. न्हाय झालं तर तुमची मोटर म्या सोता बायपासला नेऊन बसवतो."

त्या हसल्या. पिठातून हसणं बरोबर दिसतं. मग त्यांनी देवळीतला गेरूचा खडा घेतला, दारात आल्या, वाकून उंबऱ्याला आतल्या बाजूने वीत लावली. अंगठा उंबऱ्याच्या वरच्या कडेला, करंगळी खाली. करंगळी टेकली तिथे, रस्त्याच्या पातळीच्याही खाली, आतल्या दगडावर त्यांनी गेरूची रेघ ओढली.

"सहा इंच न् आठ इंच मला सांगू नको, लेकरा. ह्यो माझा उंबरा. ह्याच्यापसनं खाली वीतभर रस्ता पायजे. तू जिमिनीपसनं वर मोजत बसलास, म्हणून ही गत झाली. उंबऱ्यापसनं खाली मोज."

मला गुरुजींची ती झिजलेली पट्टी आठवली. शून्य कुठं धरलंस? इतकी वर्षं मला वाटत होतं की मोजायला शिकलो म्हणजे शिकलो. इंजिनिअर मॅडम पुढे येऊन वाकल्या, ती रेघ त्यांनी टेपने मोजली आणि वहीत लिहून घेतली. नंतर त्यांनी गल्लीतल्या प्रत्येक उंबऱ्यावर जाऊन तशीच रेघ ओढली. सगळे उंबरे काही एका पातळीत नव्हते, तेव्हा सगळ्यात खालचा धरायचा ठरला. तो अक्कांचाच निघाला.

पौष सरता सरता फोडणं सुरू झालं. माझ्या काँक्रीटची मजबुती मला तेव्हा समजली. ब्रेकर दिवसभर ठणठणायचा आणि संध्याकाळी बघावं तर दोन हात तुटलेलं. जेसीबीवाला बाहेरगावचा, त्याला आधीची कथा माहीत नव्हती. त्याने घाम पुसत मला विचारलं, "मेंबर, हे कुणी टाकलं हो? लई इमानदारीनं टाकलंय." चाचा दुकानातून मोठ्याने खोकले. मी पाणी प्यायला निघून गेलो.

काँक्रीटखाली खडी निघाली, तिच्याखाली डांबर, त्याच्याखाली पुन्हा खडी आणि पुन्हा डांबर. प्रत्येक थर कुणा ना कुणा मेंबरचा. म्हणजे चूक माझ्या एकट्याची नव्हती, फक्त शेवटची आणि सगळ्यात जाड माझी होती. गिरणीसमोर मजूर हाताने खोदायला लागले तेव्हा उंबऱ्याखाली एक घडीव दगड लागला. मग त्याच्याखाली दुसरा. पायऱ्या होत्या त्या. मधोमध झिजून खोलगट झालेल्या.

अक्का बघत उभ्या राहिल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा या पायऱ्या चढून आत आल्या होत्या, असं त्यांनी बायांना सांगितलं. मला त्या पायऱ्या आठवत नव्हत्या, याचं मला वाईट वाटलं. आईसोबत दळणाला येऊन मी त्यांच्यावर नक्की बसलो असणार. आई म्हणाली, तू खालच्या पायरीवर बसून पाढे म्हणायचास आणि सातला अडायचास.

मधल्या काळात नको ते सगळं झालं. पाइप उशिरा आले. एक आठवडा मजूर जत्रेला गेले. दारातल्या चरावर फळी टाकून बाया ये-जा करायच्या आणि फळीवरून जाताना माझं नाव घेऊन पाय टाकायच्या, देवाचं घेतात तसं नाही. मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी तिथे जाऊन उभा राहायचो. करण्यासारखं काही नसायचं, पण मेंबर दिसला की लोकांच्या शिव्यांना ठिकाण मिळतं आणि काम थोडं पुढे सरकतं, असा माझा अनुभव आहे.

पाडव्याला रस्ता पूर्ण नव्हता. पण चौकापासून गिरणीपर्यंत पेव्हर ब्लॉक बसले होते, नाली जोडली होती, आणि एक पायरी अजून मातीत असली तरी दुसरी वर आली होती. अक्कांनी गुढी उभारली ती जुन्याच दारात. मोटर हलवण्याबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

पाडव्यानंतरच्या बुधवारी नळाला पाणी आलं. कुणी ठरवलं नव्हतं, पण सगळी गल्ली आपापल्या दारात येऊन उभी राहिली. त्या दिवशी कुणी मोटारसायकल धुतली नाही. चौकाकडच्या एका घराने हौद भरून झाल्यावर पाइप दारात सोडला आणि पाणी निघालं. आधी ब्लॉकच्या फटींत मुरलं, मग ओघळ झाला, ओघळ जरा रेंगाळत चाचांच्या दारावरून पुढे आला. गिरणीपाशी आल्यावर तो किंचित आत वळल्यासारखा वाटला. ओघळ पायरीच्या कडेला लागला, उंबरा त्याच्यापासून चांगला वीतभर वर राहिला, आणि पाणी कडेकडेने जाऊन नालीत पडलं. नालीत पडल्याचा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. चाचा आत जाऊन पंक्चर काढायला बसले. अक्का दोन क्षण पाण्याकडे बघत राहिल्या आणि आत जाऊन त्यांनी मोटर सुरू केली. पट्ट्याची टकटक गल्लीभर घुमली.

मी घरी गेलो. स्वयंपाकघरात ज्वारीचा डबा भरून ठेवला होता, बायपासला न्यायचा म्हणून. मी तो खांद्यावर घेतला आणि पेठेत आलो. पायरी चढताना जरा दम लागला. आत डब्यांची रांग होती, फार मोठी नाही, पण होती. अक्कांनी आधी माझ्याकडे आणि मग डब्याकडे बघितलं.

"ह्या डब्याला बायपासची वाट पाठ झाली हुती न्हवं?" त्या म्हणाल्या.

मी डबा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"गाळेवाल्याला सांगितलंय, औंदा न्हाय," त्या म्हणाल्या. "फुडल्या पाडव्याचं फुडं बघू. ते वेशीपतोरचं राह्यलंय, ते कवा करतूस?"

पावसाच्या आत, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, विश्वास ठेवल्यासारखी नाही, पण ऐकून घेतल्यासारखी. मी डबा गिरणीच्या तोंडाजवळ ठेवायला गेलो, तर त्यांनी हाताने मागे दाखवलं.

"मेंबर असशील भाईर. लायनीत ठेव."

मी डबा शेवटच्या जागी ठेवला, आणि माझा नंबर येईपर्यंत खाली जाऊन पायरीवर बसलो.